कोरं डांबर

"ब्रेक दाबला गेला होता का नाही, एवढंच पाहून सांगा भाऊ," मंजुषा म्हणाली.

सुरेंद्रनं चेपलेलं बॉनेट पहारीनं उचकटलं. ते अर्धंच उघडलं. आदिलाबादच्या बायपासवर त्याचं गॅरेज होतं आणि दिवाळीपासून ही गाडी मागच्या बाभळीखाली पडून होती. पोलिसांचं काम संपल्यावर क्रेननं आणून टाकलेली. आता भंगारवाला ती न्यायला येणार होता. ते कळलं म्हणून ही बाई तिच्या गावाहून, तामसीहून, बसनं आली होती. सोबत कोणी नव्हतं.

"तसं थेट नाही सांगता येत ताई. एबीएस चालू होतं का बंद, ते पाहतो."

"त्याच्यावरून कळते?"

"कळते."

तिच्या नवऱ्याची, पियुषची, गोष्ट सुरेंद्रच्या कानावर आली होती. गावाबाहेरच्या वळणावर गाडी वळलीच नाही, सरळ नाल्यात जाऊन उलटली. शेजारच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बाया धावल्या. त्यांनी काचा फोडून नवराबायकोला ओढून काढलं. पियुष तिथंच गेला. मंजुषाच्या बरगड्या मोडल्या, पण ती वाचली.

वर रस्त्यावर मात्र टायर घासल्याची एकही खूण नव्हती. त्या कोऱ्या डांबरावरून गावानं ठरवून टाकलं की पियुषनं ब्रेक दाबलाच नाही, त्यानं मुद्दाम गाडी घातली. काऊन घातली, तेही गावानंच ठरवलं. बायकोच्या कटकटीनं.

"तुमच्या सासूबाई?" सुरेंद्रनं विचारलं.

"चूल वेगळी केली त्यायनं. मधात भिंत नाही, पण बोलत नाहीत. मी भाकर टाकतो, त्या त्यांची टाकतात." तिनं पदरानं चेहरा पुसला. "मी बाजेवर बसलो का त्या उठून जातात."

सुरेंद्रनं दुसऱ्या गाडीची बॅटरी आणून जोडली. डॅशबोर्डवर दिवे लागले. त्यानं स्टिअरिंगखाली स्कॅनरची पिन खोचली आणि वाट पाहत बसला. ती जवळ येऊन उभी राहिली. एबीएस काय असते, तिनं विचारलं. त्यानं समजावलं. ते चालू असलं की कितीही जोरात ब्रेक दाबा, चाक जाम होत नाही, थोडं धरते, थोडं सोडते. म्हणून रस्त्यावर काळे पट्टे उठत नाहीत. बंद असलं तर चाक जागच्या जागी अडकते आणि टायर डांबरावर घासत जाते.

"म्हणजे चालू असलं, तर ब्रेक दाबूनही खूण राहात नाही?"

"बरोबर."

तिनं मान हलवली. जणू हेच ऐकायला ती इतक्या लांब आली होती.

स्कॅनरवर डाव्या पुढच्या चाकाचा सेन्सर मेलेला दिसला. त्याला नवल वाटलं नाही. एवढ्या अपघातात वायर तुटणारच. तो पोतं अंथरून खाली सरकला. चाकाच्या आतल्या बाजूला वायर तुटलेली होती. त्यानं रबर सोलून टॉर्च मारला.

आतलं तांबं हिरवं पडलं होतं.

त्यानं बाजूच्या वायरी तपासल्या. अपघातात तुटलेल्या होत्या त्या. त्यांची टोकं अजून लालसर होती. ही एकच हिरवी. म्हणजे ही आधीच, फार आधी तुटलेली होती. एका चाकाचा सेन्सर गेला की सगळंच एबीएस बंद पडतं, म्हणजे गाडी नाल्यात गेली त्या दिवशी ते बंद होतं. ब्रेक दाबला असता, तर काळे पट्टे उठलेच असते.

गाव बरोबर होतं.

तो तसाच उताणा पडून राहिला. गाडीखालून त्याला तिची पावलं दिसत होती, धुळीनं भरलेली. तिनं सकाळपासून दोनदा पाणी मागितलं होतं आणि दोन्ही वेळा पिऊन झाल्यावर काहीतरी बोलत राहिली होती. बसच्या गर्दीबद्दल, नाहीतर बाभळीबद्दल. तिच्याशी कोणी बोलत नसावं. आता हे घेऊन ती परत त्याच अंगणात जाणार, आणि उरलेलं आयुष्य त्या एका चुलीपुढे काढणार.

सुरेंद्रनं टॉर्च बंद केला आणि बाहेर आला. फडक्यानं हात पुसायला त्यानं जरा जास्तच वेळ लावला.

"एबीएस चालू होतं ताई. वायर अपघातात तुटली."

"पक्कं?"

"पक्कं. ब्रेक दाबला होता. खुणा नाहीत त्या याच्यानंच. तुमच्या सासूबाईले मी येऊन सांगतो. चावडीवर सांगा म्हटलं तर तिथंही सांगतो."

त्याला वाटलं, ती रडेल. ती रडली नाही. तिनं गाडीत डोकावून पाहिलं.

"चालू असलं, तर दाबणाऱ्याले कळते काय, भाऊ?"

"कळते ना. करकर आवाज येते. पेडल थरथरते पायाखाली."

"कोणालेही कळते?"

"कोणालेही. झटकेच बसतात पायाले. न कळाले काय झालं?"

रस्त्यावरून कापसाचा एक ट्रक गेला. तिनं पदर खांद्यावरून ओढून घेतला.

"सासूबाईले नका सांगू," ती म्हणाली.

"काऊन? त्यायच्या पोरावरचा डाग जाईन. तुमच्यावरचाही."

"बायायनं आमाले काढलं, पण कोणी विचारलंच नाही मले. आमच्या गावात बाया कुठं गाडी चालवतात." तिचा आवाज अगदी साधा होता. "हे मले गाडी शिकवून राह्यले होते त्या दिवशी. माह्या पायाले काहीच थरथरलं नाही, भाऊ."