दहापैकी दोन

"जेवणाला नऊ. लिहा ने, नीराताई," असं म्हणत दत्ताजीरावांनी लिल्या, ओलसर चिवड्याची मूठ भरली.

नीराताईंनी चौकटीत नऊ टाइप केलं. लॅपटॉप त्यांचा होता, प्रवास दत्ताजीरावांचा. समोरच्या फ्लॅटमधले शिर्के नवरा-बायको परवाच सात दिवसांची क्रूझ करून अलकापुरीतल्या सोसायटीत परतले होते. अठरा मजल्यांचं जहाज, तीन हजार माणसं. आता कंपनीने ईमेलवर अभिप्राय मागवला होता, तोही इंग्रजीत. सोसायटीत इंग्रजीचं काही निघालं की निवृत्त शिक्षिका नीराताईंच्या दाराची बेल वाजायची. दत्ताजीराव मात्र दरबारातून बोलावणं आल्यासारखे इस्त्रीचा सदरा घालून, बायकोला, मोहनावहिनींना, घेऊन आले होते.

"पोहायचा तलाव?"

"सहा. जत्रा होती नुसती. पाण्यापेक्षा माणसंच जास्त."

"गाण्याचे कार्यक्रम?"

"आठ. आवाज कमी असता तर नऊ."

नीराताई प्रश्न वाचत होत्या, पण त्यांचं लक्ष पुढच्या एका प्रश्नावर होतं. तो येणार हे त्यांना ठाऊक होतं. तो आला, तेव्हा त्यांनी वाचलाच नाही. गुपचूप पुढचं पान उघडायला गेल्या.

"थांबा, थांबा. हे काय राहिलं?" दत्ताजीराव चष्मा सावरत पुढे वाकले.

"खोलीची सेवा."

"हां! याचीच तर वाट बघत होतो. दोन."

"दोन?"

"तेही जास्तच. सात दिवसांत त्या माणसाने एकदा तोंड दाखवलं नाही. शेजारच्या खोल्यांतल्या लोकांना त्यांची माणसं नावाने नमस्कार करायची. आमचा मात्र, आम्ही जेवायला गेलो की यायचा, आम्ही यायच्या आत पसार. स्वतःचं कार्डसुद्धा ठेवलं नाही. साव नकामा, अगदी कुचकामी!"

"पण खोली आरशासारखी ठेवायचा हो," मोहनावहिनी म्हणाल्या. "थर्मासमध्ये यांचं गरम पाणी, न मागता. आणि मी गुडघ्याखाली घेते ना, ती जास्तीची उशी. तीही रोज डावीकडेच."

"तेच म्हणतो मी! त्याला कोणी सांगितलं? लपून बघत असणार. तोंड लपवतो त्याच्या मनात खोट असते, नीराताई."

दहाच दिवसांपूर्वी नीराताईंच्या मुलाचा, ओजसचा फोन आला होता. "आई, आठशे बारा नंबरमध्ये आपले शिर्केकाका आहेत. मी साफ करतो त्याच खोल्यांत." सोसायटीच्या लेखी ओजस परदेशी जहाजावर ऑफिसर होता. ही बातमी घरोघरी पोचवली होती ती नीराताईंनीच, पेढ्यांसकट. "त्यांच्यासमोर जाऊ नकोस," त्या घाईघाईने म्हणाल्या होत्या. "माझी शपथ आहे तुला." पलीकडून तो नुसतं "बरं" म्हणाला.

त्याआधी एकदा त्याने सांगितलं होतं, नऊच्या खाली आकडा आला की वरचा साहेब बोलावून घेतो. दोनदा बोलावलं होतं. तिसऱ्यांदा बोलावणं आलं तर पुढचं कॉन्ट्रॅक्ट नाही.

"रागाच्या भरात नको," नीराताई म्हणाल्या. "सात करू या का? नऊच करा ना, वहिनी म्हणतायत तर."

"दोन म्हणजे दोन. आणि आकडे मला वाचता येतात हं," दत्ताजीराव हसले. "तुम्हीच सांगा, तुमचा ओजस ऑफिसर आहे. त्याच्या हाताखाली असा माणूस असता तर त्याने ठेवला असता?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. नीराताईंनी दोन टाइप केलं. चौकट लाल झाली आणि खाली दोन नवे प्रश्न उघडले.

"आता काय विचारतायत?"

"कारण. आणि माहीत असेल तर त्याचं नाव."

"नाव कुठून आणू? नाव सोडा. कारण लिहा, तोंड दाखवत नाही."

नीराताईंची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. मग त्यांनी चार इंग्रजी अक्षरं टाइप केली, सावकाश, एकेक करून.

दत्ताजीरावांनी चष्मा पुढे-मागे केला. "ओ... जे... अहो, हे तर आपल्या ओजसचं नाव! चुकून लिहिलंत."

"चुकून नाही."

"मग तुम्हाला कसं ठाऊक, त्या माणसाचं नाव काय ते?"

"बारशाला तुम्हीही होतात, दत्ताजीराव."

चिवड्याची मूठ तोंडाशी जाता जाता थांबली. नीराताईंना रडू येत होतं आणि ते लपवायची आता गरज उरली नव्हती. "तोंड दाखवू नकोस, असं त्याला मीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "मला लाज वाटत होती. त्याला नव्हती."

मोहनावहिनींचा हात आपसूक डाव्या गुडघ्यावर गेला. "लहानपणी तोच आणून द्यायचा उशी," त्या हळूच म्हणाल्या. "आपल्याकडे क्रिकेट बघायला यायचा तेव्हा."

नीराताईंनी लॅपटॉप दत्ताजीरावांकडे सरकवला. "ते दोन माझे आहेत. त्याचे किती, ते तुम्हीच लिहा."

दत्ताजीरावांनी मूठ परत ताटलीत सोडली आणि हात सदऱ्यालाच पुसला. मग एका बोटाने आधी ते दोन पुसलं, एक दाबलं, आणि कितीतरी वेळ शून्य शोधत राहिले.