एकच तुकडा

निरोप मिळताच शिंपीकाका लॅबच्या खिडकीशी आले. स्वतःच शिवलेला सदरा त्यांना दोन मापं मोठा होत होता. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या पोटातल्या गाठीचे पाच तुकडे खिडकीमागच्या तरुण पॅथॉलॉजिस्टकडे तपासायला आले होते. कॅन्सरच्या पेशींवर ठरावीक रिसेप्टर, म्हणजे औषध जाऊन चिकटेल असा खाचा, असला, तर नेमकं लागू पडणारं औषध असतं. जेवायच्या घाईत ती एकाच तुकड्याला रंग देऊन ‘रिसेप्टर नाही’ लिहून मोकळी झाली. मन खात होतं. काल उरलेले तपासले, तर एक तपकिरी झाला, म्हणजे रिसेप्टर होता. “काका, रिपोर्ट मी चुकवला. एकाच तुकड्यावर विसंबले.” काकांनी बाही सावरली. “पोरी, नमुना पाहून ताग्याचा अंदाज आमचाही चुकतो.” मग हळूच विचारलं, “म्हणजे औषध आहे?” “आहे. तेव्हाही होतं.” त्यांनी खिडकीपलीकडून हात जोडले. त्यापेक्षा मुस्काटात दिली असती, तर तिला सोसलं असतं.