न्हाणीचं पाणी

सगुणाबाईच्या न्हाणीचं पाणी सकाळीच झुंबरबाईच्या अंगणात शिरलं, तेव्हा झुंबरबाईला बरं वाटलं. औरंगाबादच्या दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच.

गालातली गाठ कॅन्सरची आहे, हे डॉक्टरनं तिच्या लेकाला, भुजंगला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तिला मात्र "आराम करा" एवढंच. पण एसटीत शेजारी बसलेल्या लेकाचं तोंड पाहून तिला कळायचं ते कळलं. हसनाबादेत उतरली, तर बातमी तिच्या आधीच पोचलेली. मिसरीवरून रोज कटकट करणारी सून आता आपणहून डबी हातात आणून देत होती.

झुंबरबाई पदर खोचून भिंतीपाशी गेली. पलीकडे धाकटी जाऊ, सगुणाबाई. वाटण्या झाल्यापासून दोघींचं या पाण्यावरून वाजत आलेलं. बहात्तरच्या दुष्काळात दोघी शेजारी बसून खडी फोडत होत्या. न्हाणीत सांडायला थेंब नव्हता, तरी तिथंही याच पाण्यावरून भांडल्या होत्या.

"सगुणे! डोळे फुटले का तुझे? पुन्हा सोडलंस पाणी माझ्या दारात?"

गालात कळ गेली. जाऊ दे. पलीकडून काय उत्तर येणार ते तिला पाठ होतं, आणि त्यावर आपण काय बोलायचं तेही.

सगुणाबाई बाहेर आली. फावडं घेतलं. मुकाट्यानं माती ओढली आणि पाणी आपल्याच परसात वळवलं.

"चुकलंच, बाई. तुमी उन्हात नका थांबू."

तुमी. इतक्या वर्षांत सगुणाबाई 'तू'च्या वर कधी गेली नव्हती.

झुंबरबाईनं भिंत धरली.

"अगं, भांड की," ती म्हणाली. "घरात कोन्हीच भांडून न्हाई राह्यलं माझ्यासंग. काय बी बोलले तरी हो म्हणत्यात."

"आधी बऱ्या व्हा, बाई. मंग भांडू."

"मंग कधी?"

सगुणाबाई फावडं तिथंच ठेवून घरात गेली. एरवी गल्लीला ऐकू जाईल असं आपटायची ते दार तिनं आज आवाज होऊ न देता लावून घेतलं.