दोन मिनिटांत उघडतं!

"बटण दाबलं की दोन मिनिटांत उघडतं, मॅडम!" सेल्समनने जीपच्या टपाला जोडलेलं कापडी छत झोकात पसरलं. हृषीकेश लगेच त्याखाली जाऊन उभा राहिला, जणू मांडव त्याच्याच लग्नाचा.

वसुधाने नाक मुरडलं. नवऱ्याने महिनाभर व्हिडिओ बघून विद्वत्ता कमावली होती. शिलाई कुठली हवी, दांडे कुठले, वारा किती सोसतात, सगळं तोंडपाठ. पावसाळ्यात ओढ्याकाठी तंबू ठोकू नये, एवढं मात्र त्याला कुठल्याच व्हिडिओने शिकवलं नव्हतं.

"आणि आवरायला किती वेळ?" तिने विचारलं.

"नीट घडी घालून... वीसेक मिनिटं."

"ऐकलंस?" ती नवऱ्याकडे वळली. "गेल्या वर्षी ओढा चढला, पाणी चाकांना लागलं, लेक मागच्या सीटवर किंचाळत होती. आणि हा शहाणा छताची घडी घालत बसला होता. का, तर कापडाला सुरकुत्या पडतात!"

"वसू, इथे नको ना," तो पुटपुटला. "निघालो ना आपण शेवटी?"

"कसे निघालो, तेही सांग की यांना."

हृषीकेश छताचा दांडा निरखू लागला.

वसुधाने पर्समधून भाजी चिरायची सुरी काढली आणि काउंटरवर ठेवली.

"गेल्या वर्षीची हीच," ती सेल्समनला म्हणाली. "तुमच्याकडचं कुठलं कापड हिने टराटरा फाटतं, तेवढं दाखवा. तेच घेऊ."