भिवाचं ताट

“सख्खा भाऊ, पण जेवत्या ताटावरून उठवला,” जाईबाई माइकमध्ये म्हणाल्या. “म्हटलं, संपफोड्याला माझ्या खानावळीत घास नाय!”

टाळ्या पडल्या. परदेशी विद्यापीठाने लालबागेत काढलेल्या केंद्रातली परिषद होती. विषय गिरणी संप, चाळीस वर्षांनंतर. सकाळपासून निबंध ऐकून पेंगुळलेले विद्वान आत्ता कुठे ताठ बसले. ही गोष्ट जाईबाई नेहमीच मान वर करून सांगत. तो भाऊ, भिवा, कॉटन ग्रीनला राहतो. ती वाट त्यांनी पुन्हा कधी धरली नाही.

मग त्या विद्यापीठाकडून वर्षभर इथे शिकवायला आलेल्या हेलनबाई हसत उठल्या. त्यांना मराठीचा गंध नव्हता. तिकडच्या संग्रहात त्यांना संपाच्या वर्षातली एक कॅसेट सापडली होती. वर लिहिलेलं, ‘गणपत, लालबाग’. जाईबाईंचे कैलासवासी यजमान. बाईला नवऱ्याचा आवाज ऐकवावा, एवढाच भाबडा बेत.

खरखर झाली. मग गणपत बोलला. जाईबाईंनी चटकन डोक्यावर पदर घेतला.

“ह्या सगळा तिकडे परदेशातच जाणार ना? मग सांगतो. संपात तीन दिवस कामावर गेलो तो मी. भिवा नाय. बोंब झाली तेव्हा भिवाच म्हणाला, भावोजी, नाव माझा सांगा. आक्का भावाशिवाय राहील, तुमच्याशिवाय नाय राहायची.”

दुभाषी मृणालिनीने झडप घालून यंत्र बंद केलं. हेलनबाई अजून हसतच होत्या. टाळ्या का पडत नाहीत, त्यांना कळेना.

जाईबाईंनी खुर्चीचा हात धरला तो सुटेना.

“परत लाव,” त्या म्हणाल्या.

“आजी, राहू दे ना.”

“लाव म्हणते ना!”

पुन्हा लावलं. शब्द तेच होते.

जाईबाई उठल्या. सभागृहाच्या मागे दुपारच्या जेवणाची टेबलं मांडली होती. त्यांनी एक ताट घेतलं. भात वाढला, डाळ वाढली, कडेला लोणचं. झाकायला काही मिळेना, तेव्हा खांद्यावरची सत्काराची शाल काढून ताटावर घातली.

मृणालिनी धावत आली. “आजी, ताट घेऊन कुठे निघालात?”

“कॉटन ग्रीनला. भिवा अर्ध्या जेवणावरून उठलाय.”