रिकामी अंडी

"काकू, जोडीला नर नाही, म्हणजे अंडी रिकामीच. पण अंड्यागणिक हिच्या हाडांतलं कॅल्शियम जातंय," काकूंच्या लव्हबर्डला तपासून पक्ष्यांचे डॉक्टर म्हणाले. "पाण्यात हे थेंब घाला. अंडी काढू नका, नाहीतर पुन्हा घालेल. कंटाळली की आपणच उठेल."

काकूंनी पाण्यात थेंब घातले, पिंजऱ्यात कॅल्शियमसाठी कुरतडायला समुद्रफेसाचा तुकडा अडकवला. लव्हबर्ड अंड्यांवरून हललीही नाही. "बस बाई," काकू म्हणाल्या, "तुला कोण उठवतंय!"

दिवाळीआधी कॅनडाहून मुलाचा फोन आला. "आई, यंदाही जमत नाहीये गं."

"असू दे रे."

फोन ठेवून काकूंनी दरवर्षीसारखी त्याच्या पलंगासाठी नवी चादर काढली.

पिंजऱ्यात खरखर झाली. अंडी तशीच सोडून लव्हबर्ड समुद्रफेस कुरतडत होती.

काकू बघत राहिल्या. मग ती चादर त्यांनी स्वतःच्या पलंगावर घातली.