गादीखाली चार्जिंग

"काहीतरी जळून राहिलं," राधाबाई म्हणाल्या.

कुजबुजत म्हणाल्या. मुलाची, दिवाकरची, फॅक्टरीत नाइट ड्यूटी असली की अधारतालच्या या घरात दुपारी सगळ्याच अशा बोलतात. भांडी फडक्यावर ठेवतात. शिट्टी व्हायच्या आत कुकर उतरवतात.

सुनेनं, शैलजानं, गॅस पाहिला. बंद.

"बाहेर कोणी कचरा पेटवला असन."

"कचऱ्याचा नाही. रबराचा वास आहे."

"हळू, आई. उठतील ना ते."

"त्याचं काय सांगतं! सायरननं उठत नाही, वाटी पडली की उठते."

नात, लतिका, हसली.

मग हसायची थांबली.

तिचा फोन. चार्जिंगला. बाबांच्या खोलीत, कारण बाहेरच्या खोलीतलं सॉकेट ढिलं. सायलेंटवर असला तरी घुरघुरतो, म्हणून गादीखाली. बाबांच्या पायाशी. सकाळपासून.

तिनं दार ढकललं. तेही करकरू नये म्हणून, जरा उचलून धरून.

आत कूलर गरजत होता. भिंतीकडे तोंड करून दिवाकर झोपला होता. पायाशी, गादीच्या कडेखालून, धूर. बारीक. कूलरच्या वाऱ्यानं आडवा पडणारा. चादरीवर तपकिरी डाग.

डाग वाढत होता.

ओरडायचं होतं: आग!

निघालं: "बाबा."

ओरडायचं होतं: पाय काढा, उठा!

निघालं: "बाबा... उठा ना."

मागून शैलजा आली. तिनं पाहिलं. तोंडात पदर कोंबला. वायर ओढायला हात पुढं केला.

"मम्मी, हात मत लगाओ!" हेही घशातल्या घशात.

शैलजा अनवाणी व्हरांड्यात धावली. मेन स्विच खाली ओढला.

कूलर थांबला.

घर इतकं गप्प झालं की दिवाकर दचकून उठून बसला.

"कूलर काहून बंद केला? कितीदा सांगितलं तुमाले, माझी झोप..."

पाय हलवला. चटका बसला. मग त्यानं पाहिलं.

उडी. शिवी. डोक्याकडून गादी धरली आणि खोलीतून, व्हरांड्यातून, थेट अंगणात फरफटत नेली. मागं वायर, वायरच्या टोकाला चार्जर. कापसानं उघड्यावर पेट घेतला. राधाबाईंनी धुण्याची बादली उलटी केली. मग दुसरी. शैलजानं तिसरी. गादी फुसफुसली, काळी पडली. मधोमध फोन, पोट फुगलेला.

खोलीत रिकाम्या खाटेवर धूर अजून फिरत होता.

दिवाकरच्या लुंगीची किनार जळली होती. टाचेवर फोड. तो अंगणात एका पायावर उभा होता, तिघींकडे आळीपाळीनं बघत.

"मेलो असतो मी!" तो ओरडला. "तिघी घरात. डोळ्यांनी बघून राहिल्या. मले हाक काहून नाही मारली?"

राधाबाईंनी बादली खाली ठेवली. कडीचा आवाज होऊ नये म्हणून ती हातानं धरून ठेवली.

"मारली ना, बाबा," लतिका म्हणाली. "दोनदा."

दिवाकरला ऐकू आलं नाही. तो पुढं वाकला.

"काय? जोरानं बोल ना!"